सतराव्या प्रकरणातली बोट

माझी बायको दर पुस्तकात अकराव्या पानावर
एक माणूस मारते
आणि शेवटच्या पानावर लग्न लावते.
मधली तीनशे पानं देव आणि पोलीस
आपापल्या परीने शोध घेत राहतात.
चुंबन एकच, तेही फार उशिरा.
सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या गावात
चर्चच्या बायका तिची पुस्तकं
जॅमच्या बरण्यांसारखी एकमेकींकडे पोचवतात.

माझी समज इंजिनांपुरती.
गोळी लागून टाकीचा स्फोट होतो का,
गोठलेल्या बोटांनी दोरखंडाची गाठ सुटते का,
एवढं मी सांगायचं,
पेन्सिलीने, समासात.
प्रेमाच्या परिच्छेदांपाशी मी थांबत नाही.

जानेवारीत सोल्वेगने नवा गठ्ठा टेबलावर ठेवला
आणि कोंबड्यांना कोमट पाणी द्यायला गेली.

सतराव्या प्रकरणात टॅबिथा
सरहद्दीपलीकडे बहिणीला भेटायला जाते.
तिथल्या बंदरात तिला एक बोट दिसते.
निळा रंग नवा, नाव नवं,
पण उजव्या कुशीला तांब्याचं ठिगळ,
माशाच्या शेपटीसारखं.
नवऱ्याने तर सांगितलं होतं,
बोट बर्फाने नेली.

ते ठिगळ मी मारलंय.
वडील खिळे पुरवत होते, तोंडात धरून, एकेक.

चार वर्षांपूर्वी मीही हेच सांगितलं होतं,
याच टेबलाशी, सूप ढवळत.
चर्चच्या छताचे पैसे माझ्या ताब्यात होते.
कॅसिनो पंचेचाळीस मैलांवर.
बोट विकून भोक बुजवलं.
छत झालं, देवदाराचं, सुरेख,
आणि त्याखाली उभा राहून दर रविवारी मी म्हणतो
आमची ऋणे आम्हांस सोड,
आणि वर बघत नाही.

पुढे वाचलं.
टॅबिथाला वाटतं, तस्करी असेल. प्रेत असेल.
मला वाटू लागलं, असतंच तर बरं होतं.
खुन्याला निदान वादळी रात्र मिळते.
माझ्या पापाला फुकट कॉफी होती
आणि चेरीची चित्रं फिरवणारं एक मशीन.

ती कोणाला काही बोलत नाही.
एकोणिसाव्या प्रकरणात ती त्याचे केस कापते,
कात्री मानेजवळ येऊन जरा थांबते.
माझा हात मानेवर गेला.
मागच्याच शनिवारी सोल्वेगने माझे कापले होते.

आणि आठवलं, प्रार्थनेत
‘ऋणे’ या शब्दाशी तिचा आवाज अडतो.
मी समजत होतो, दमा.

चोविसावं प्रकरण.
तो घरी येतो. बूट काढतो. तिच्यासमोर बसतो.
‘तो म्हणाला,’
पुढे कोरं.
समासात तिचं बारीक अक्षर:
इथे काय म्हणेल? इंजिनाचं नाही विचारत.

पेन्सिलीला मी दोनदा टोक केलं.
क्षमा हा शब्द सुचला होता,
पण तिच्या पुस्तकांत तो इतक्यांनी वापरलाय
की माझ्या हातात तो उसना वाटला असता.
मी मशीनचं नाव लिहिलं.
बोट घेणाऱ्याचं नाव लिहिलं.
आकडा लिहिला, नऊ हजार चारशे.

ती आली. बुटांवरचा बर्फ न झटकताच
उभ्याने वाचलं.
खाली पाणी साचत गेलं.

‘आकडा चुकलाय,’ ती म्हणाली.
‘नऊ हजार सहाशे होते.
तू परत ठेवलेस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोजले.
पाद्री लिंडक्विस्ट यायच्या आत
दोनशे मी घातले.
अंड्यांचे.’

म्हणजे बोट दिसायच्याही आधी.

मला काही बोलता येईना.
तिने शेगडीत लाकूड सारलं,
खुर्ची ओढली, गठ्ठा आपल्याकडे घेतला.

‘यापुढचं वाक्य टॅबिथाचं,’ म्हणाली,
‘आणि ते आज लिहून होणार नाही.
दिवा लाव, ऑर्विल.
अंधारात बसलास कधीचा.’