छाट

रात्री साडेदहाला विडी घरकुलात शिरलो
तेव्हा त्या गल्लीत चारच खिडक्या जाग्या होत्या,
त्यातली एक भाग्यरेखा गाजुलची.
दिवसभर तापलेला छपराचा पत्रा
अजून टक् टक् करत निवत होता.

"केबलवाला इथवर येत नाही," ती म्हणाली,
"हे डोंगलच काय ते.
आणि कंपनीचं व्हीपीएन लावलं की
दोघांचं पटत नाही."
दोघांचं.
जसं काही जावा-जावाच.

मी नेहमीचं सगळं केलं.
डोंगलबरोबर आलेला डायलर काढून टाकला,
तो स्वतःलाच मालक समजत होता.
रस्ता एक आणि पुढे कोण यावर भांडण,
म्हणून कुणाचा नंबर आधी
ते हातानं लिहून दिलं.
डोंगल खिडकीच्या गजाला टॉवेलच्या काठानं बांधलं,
टॉवरच्या दिशेनं.
बंद. चालू.
बंद. चालू.

बारा वाजता कुलूप हिरवं झालं.
पडद्यावर आलं : जोडले गेले.
पुण्याच्या सुपरवायझरचा 'हाय' आला,
हिचाही 'हाय' गेला.
मग तिनं हॉस्पिटलचं बिल उघडलं, अठ्ठावीस पानांचं,
आणि ते चाक फिरायला लागलं.
फिरतच राहिलं.
ना चूक दाखवत होतं, ना नकार देत होतं.
शिफ्ट सुरू होऊन दोन तास झालेले,
अर्धा दिवस कापणार, हे ती बोलली नाही,
पेनाचं टोपण काढत-घालत राहिली.

कोपऱ्यात तिची आई, नागमणीबाई,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
बोटं आमच्याकडे न बघता वळत होती.
"एमायिंदी?" तिनं विचारलं.
लेकीनं तेलुगूत सांगितलं.
मला कळलं ते एवढंच : चिन्नदी जाते, पेद्ददी जात नाही.
लहान जातं, मोठं जात नाही.

बाई दोरा तोडत म्हणाली,
"मग छाट काढलालाय की कुणीतरी मधी.
आमच्या कारखान्यात चेकर हाय, लै खडूस,
जाड विडी दिसली की मोडून टाकतो.
पण समोर टाकतो बे.
तुमचा चेकर काय, गुपचूप खातो काय?"

मी माउसवरचा हात काढला.
नऊ वर्षं हे काम करतोय.

गुपचूपच खातो, बाई.
व्हीपीएन प्रत्येक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालतं,
ते फुगतं,
आणि वाटेत कुठंतरी, टेंभुर्णीला की भिगवणला, कोण जाणे,
एक दार आहे थोडं बुटकं.
तिथं जाड पाकीट पडतं
आणि परत निरोप येत नाही.

मग मी एकेक पाठवून बघितलं,
तुकडे करायचे नाहीत असं बजावून.
चौदाशे बहात्तर : छाट.
चौदाशे : छाट.
तेराशे साठ : छाट.
नागमणीबाई आता ऐकत होती, प्रत्येक आकड्याला
"मोडली" म्हणत होती.
तेराशे वीस : छाट.
तेराशे दहा.
आलं.
परत पाठवलं. परत आलं.

"आता पानच लहान कापायचं," मी म्हणालो.
तिनं पान कापायचा पत्र्याचा फर्मा उचलून दाखवला,
कडा झिजून चकाकणारा,
आणि हसली नाही, मान हलवली फक्त,
कारागिरानं कारागिराला हलवावी तशी.

बारा पन्नासला अठ्ठावीस पानं उतरली,
एकेक करत, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.
भाग्यरेखानं हेडफोन चढवला
आणि तिचा आवाज बदलला, शहरातला झाला.

मला कडक भाकरी आणि शेंगा चटणी मिळाली,
कागदात गुंडाळून, पैशांबरोबर.
कुंभारीच्या रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती.
लॅपटॉप बंद करून उघडला
तर तो आकडा जागेवर राहील की नाही,
हे मी तिला सांगायचं विसरलो.
विसरलो असं म्हणतो.
चेकरसारखं समोर टाकायला हवं होतं.