शिंगं

कोर्स संपला मार्चमध्ये.
सर म्हणाले, आता तुमचं तुम्ही.
तेव्हापासून दर रविवारी
पंचगंगेच्या घाटावर आम्ही तिघं:
बँकेतून निवृत्त झालेल्या मिठारीबाई,
औषध दुकानातला इलाही,
आणि उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर
केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा मी.

इथं पाणी माप ऐकत नाही.
आभाळ ओलं असतानाच देवळाचं शिखर लावलं,
ते पसरत गेलं थेट पुलापर्यंत.
इलाही म्हणाला, राहू दे, धुकं म्हण.

काळा रंग ट्यूबमधला घ्यायचा नाही,
सरांचं एवढंच नेमकं लक्षात राहिलंय.
निळ्यात तपकिरी कालवून
म्हैस करायला घेतली.
पाठ जमली, पोटाखालचं पाणीसुद्धा जमलं,
तर ती उठून गेली.

मग तिचा मालक आला, ओल्या चड्डीत,
पाठीमागं उभा राहिला बराच वेळ.
मी ब्रश धुतला.
परत धुतला.
"शिंगं चुकल्यात," म्हणाला,
"आमच्या चंद्रीचं डावं जरा खाली हाय."

मिठारीबाईंनी त्याच्या हातात पेन्सिल दिली.
त्यानं बनियनला बोटं पुसली
आणि एकच रेघ ओढली.

ती अजून रंगवलेली नाही मी.