छत्री, पाच शिलिंग

केंडलच्या अभिलेखागारात माझ्या टेबलावर आलेत
त्याचे एकशे चौदा खोके.
लँबर्ट थ्रेलकेल्ड, बँकर, पार्लमेंटचा सभासद,
थ्रेलकेल्ड आणि पुत्र या पेढीतला तिसरा पुत्र.
माझं काम एवढंच: धूळ झटकायची,
गंजलेल्या टाचण्या काढायच्या,
आणि आत काय आहे ते एका ओळीत सांगायचं.

तसबिरींत आजोबा, बाप, दोन काका.
सगळ्यांचं नाक एकच, जणू तेही
एका पिढीने दुसरीकडे व्याजासकट वळतं केलेलं.
ह्याला पेढी नको होती, असं कुणी लिहून ठेवलेलं नाही.
पण अडतीसच्या खतावणीत, बुडीत कर्जांच्या पानांमध्ये,
मला सापडलं वाळलेलं शेवाळ, अजून हिरवट,
शेजारी बारीक अक्षरात त्याचं लॅटिन नाव.
त्या पानावर खाडाखोड नाही.

एकोणीस वर्षं खासदार.
निवडणूक म्हणावी अशी एकदाच झाली,
एरवी समोर कुणी उभंच राहिलं नाही.
अर्ध्या गावाची गहाणखतं ह्याच्या तिजोरीत होती.
सभागृहात तो सात वेळा बोलला.
चारदा कालव्याबद्दल, दोनदा लोकरीवरच्या करावर.
सातव्यांदा गिरणीतल्या पोरांच्या कामाच्या तासांवर उठला,
हातातले कागद सांडले,
आणि ते गोळा होईस्तोवर मतदान पुकारलं गेलं.
ते कागद इथे आहेत. पानांचा क्रम अजून चुकलेला.
मी लावला नाही. नियमच आहे तसा:
सापडेल तसं ठेवायचं.

मग तो सोमवार. लँकेस्टरची एक पेढी बुडाली
आणि दुपारपर्यंत हायगेटवर रांग:
खाटीक, विणकर, सुईणी, एक पाद्री,
मुठीत नोटा, नोटांवर ह्याचीच सही.
त्याने दार सताड उघडं ठेवलं,
खिडकीत टेबल मांडून घेतलं
आणि सगळ्यांदेखत जेवायला बसला.
थंड मटण, पाव, मोहरी.
इतकं सावकाश चावलं की लोक कंटाळून घरी गेले.
गावात अजून हे सांगतात.
सांगत नाहीत ते बायकोने बहिणीला लिहिलंय:
त्या रात्री तीनदा उलटी,
आणि तळघरात शिल्लक
दोनशे अकरा पौंड.

माझे वडील इचलकरंजीत पतसंस्थेचे कॅशियर.
तिथेही एक सोमवार आला होता.
चेअरमन मोठ्या घराण्यातले, ते मागच्या दाराने पुण्याला.
अण्णा खिडकीत, डबा न उघडता,
संध्याकाळी सहापर्यंत
लोकांच्या शिव्या भरण्यासारख्या मोजून घेत.
म्हणून हा माणूस जेवला, ह्याचाच मला आधी राग आला.
मग उलटीचं पत्र वाचलं.
राग तसाच राहिला, फक्त त्याला
शेजारी बसायला कुणीतरी मिळालं.

आणि हे छत्रीचं प्रकरण.
खासगी कीर्दीत दर शनिवारी, एकतीस वर्षं,
एकच नोंद: छत्री, पाच शिलिंग.
मी गुणाकार केला. सोळाशे बारा छत्र्या.
अख्खा बाजार झाकला असता, चर्चसकट.
कोण होतं ते? विणकराची विधवा?
ह्याच नाकाचं एखादं पोर?
की त्या रांगेतला कुणी,
ज्याने घरी जायला नको होतं?
केंडलला पाऊस फार, हे खरं.
माणूस विसरभोळा असू शकतो, हेही.

शेवटची नोंद तो गेला त्या आठवड्यातली.
अक्षर दुसऱ्या कुणाचं,
रक्कम तीच.

वर्णनाच्या रकान्यात मी लिहिते:
खासगी कीर्द, घरखर्च व किरकोळ.
'किरकोळ' खोडते. पुन्हा लिहिते.
खोका सत्त्याऐंशी.
काढलेल्या टाचण्या: नऊ.