कुलपांची तेजी

जिल्ह्याहून आलेला पोरगा टॅबवर बोट ठेवून विचारतो,
मागच्या पाच वर्षांत विक्री वाढली का घटली?
कशाची?
कुठल्याही एका वस्तूची सांगा, काका.
कुलपांची, मी म्हणतो. दुपटीच्या वर गेली.
तो खूण करतो: बाजारात तेजी.
त्याचं काही चुकलं नाही,
चौकटीत तेवढीच जागा होती.

सेलूत स्टेशनच्या रस्त्याला माझं हार्डवेअर.
वडलांच्या काळी इथं जिनिंगचे पट्टे खपायचे,
ग्रीस, बेअरिंगा,
रुई उडत यायची आणि उधारीच्या वहीला चिकटायची.
आता अलीगढचा माल, सात लिव्हरचा, पेटीनं येतो
आणि बारावीचा निकाल लागला की महिन्यात संपतो.
आधी पोरगं जातं.
मग त्याला डबा करायला माय जाते.
मग बाप इकडं एकटा काय करणार.

जाताना दुसरी किल्ली माझ्याकडं ठेवतात.
असू द्या भाऊ, पाईपबीप फुटला तर.
पाठीमागच्या फळीवर एकेचाळीस खिळे,
साबणाच्या खोक्याचे तुकडे कापून त्यावर नावं:
दुधगावकर. पठाण मास्तर. ठोंबरे, मागची गल्ली.
सोळंके दोघं भाऊ, भिंत एकच, किल्ल्या दोन.
गिराम टेलर, ज्यानं मशीनसुद्धा आतच ठेवली
आणि वर चादर टाकली, मेलेल्यावर टाकावी तशी.

दिवाळीत काही येतात. तीन दिवस.
किल्ली नेतात, परत देतात,
वर पाव किलो बाकरवडी देतात.

फाट्यावर औद्योगिक वसाहतीची कोनशिला आहे.
भूमिपूजन दोनदा झालं.
दुसऱ्या वेळची कुदळ माझ्या दुकानातून गेली
आणि संध्याकाळी परत आली,
माती न लागलेली.
मी तीच पुन्हा नवी म्हणून विकली.

रेवती बाणेरहून फोन करते.
बाबा, इथं खोली रिकामी आहे, या की.
पुढच्या साली, मी म्हणतो.
खरं कारण सांगत नाही:
एकेचाळीस किल्ल्या कुणाच्या हातात देऊ,
आणि बेचाळिसावी, माझी,
कुणाच्या खिळ्याला लावू?

मंगळवारी मास्तरांची नसरीन आली.
अकरा वर्षं चाकणला, वायरिंगच्या लाईनवर.
बापाच्या घरात चार टेबलं टाकायचीत म्हणाली,
पंपाच्या केबली जोडायच्यात,
बायका मिळतील, माल तिकडून येणार.
कागद झाला का?
नाही. तोंडीच.
लाईट किती तास राहते आता, चाचा?
खरं ते सांगितलं.
ती मान खाली घालून काहीतरी मोजत बसली,
बराच वेळ. चहा निवला.
मग म्हणाली, बिजागऱ्या द्या, चार इंची.
दार उघडतं, पण लोंबतंय.

पाच खण धुंडाळले. दोन सापडल्या,
गंजलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या.
शेवटची बिजागरी मी कवा विकली, आठवेना.

तिची किल्ली काढून दिली.
त्या खिळ्याकडं फारसं पाहिलं नाही.
दिवाळीतही तो असाच रिकामा होतो.

रात्री शटर अर्धं ओढून जालन्याला फोन लावला.
बिजागऱ्या पाठव, चार इंची.
किती?
नसरीनच्या दाराला तीन लागतात.
तिनासाठी जालन्याहून पार्सल परवडत नाही,
आणि बारा मागवल्या तर नऊ
कुठल्या दाराला लावू?
बारा, म्हणालो.
बरं. आणि कुलपं नेहमीएवढीच ना, शेठ?

थांब जरा, म्हणालो,
मोजून सांगतो.