माइनॉटच्या ग्रंथालयाचं तळघर

तेवीस खुर्च्या, कॉफीचा थर्मास,
बाहेर गोठलेले गव्हाचे खुंट.
मार्लिस हाउगेन सांगत होती आयांना,
घरीच शिकणाऱ्या मोठ्या पोरांच्या हाती कादंबरी कशी द्यावी,
निबंध कसा मागावा,
धंदा कधी सुचू द्यावा.

मागच्या टेबलाशी सोळा वर्षांचा इव्हर
मधाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवत होता.
आधी लिहिलं होतं: अप्रतिम, सोनेरी, शुद्ध मध.
आता नुसतंच: मध. ऑगस्टचा.

का रे खोडलंस?

‘शाईला पैसे पडतात.
आणि सोनेरी तर दिसतोच की बाटलीतून.’

मार्लिसनं चष्मा काढला.
भाषणाची अकरा पानं उरली होती,
ती थर्मासखाली सारली
आणि रांगेत उभी राहिली,
सुटे पैसे मोजत.