गुलाबी दप्तर

पहाटे तीनला ओमाहात फोन गेला.
दुपारी रेनिएल इथे. डोळे तांबारलेले,
बूट मात्र कोरे.

बुलपेनचा रिवाज : सर्वांत धाकट्यानं
च्युइंगगम, गोळ्या, सूर्यफुलाच्या बिया
गुलाबी दप्तरातून वाहायच्या.
कालपर्यंत ते कीगनच्या पाठीवर होतं.
त्याच्या कपाटावरची नावाची पट्टी मी सोलली;
निम्मी चिकटूनच राहिली.

वीस वर्षं उकिडवा बसून झेलतोय मी.
ह्याचा पहिलाच चेंडू
तळव्यात आला, कोपरात वाजला.
बोललो नाही काही. बोलू नये.

आठव्या इनिंगला भिंतीवरचा फोन खणखणला.
सगळे टरफलं थुंकत भलतीकडे बघू लागले.

त्यानं दप्तर माझ्या मांडीवर ठेवलं.
“लिंबाच्या गोळ्या संपल्यात,” म्हणाला,
“उद्या आणतो.”

उद्या, म्हणाला.