माठ वाजवून घ्यावा तसा

हल शहरात, हेसल रोडवर,
दुधी रंगाच्या टेलिफोन पेटीच्या पुढे, मासेवाल्याला लागून
ते दुकान आहे. काचेवर कागद:
जुने लॅपटॉप, तीन महिन्यांची हमी.
चार रविवार मी नुसती पुढून गेले.
पाचव्या रविवारी आत.

पाकिटात एकशे नव्वद पौंड.
त्यातले साठ नाताळच्या रात्रपाळीचे,
डोरीनबाईंचा हात धरून पहाटेपर्यंत बसले होते
आणि त्या मला आपली बहीण समजून
कुठल्याशा हरवलेल्या सायकलीबद्दल रागावत होत्या.
बाकीचे कसे साठले ते
बस सोडून चालत आलेल्या वाटांना विचारा.

शार्दूल, माझा भाचा, चिपळूणहून फोनवर:
मावशी, रॅम आठच्या खाली नको.
हार्ड डिस्कवाला दाखवला तर हात जोड आणि बाहेर पड.
बॅटरी किती तास टिकते विचार,
आणि हे बघ, दिसण्यावर जाऊ नकोस.
आमच्या घरात स्थळं बघतानाही
हेच म्हणत,
आणि मग दिसण्यावरच जात.

दुकानदार कुर्दी, नाव रेबवार.
त्याने तीन मांडले, शेजारच्या दुकानातल्या माशांसारखे,
तोंडं एकाच बाजूला करून.
पहिला चंदेरी, पातळ, दोनशे साठ.
छान आहे, म्हटलं, आणि हात मागे घेतला.
दुसरा एकशे वीस. उघडताना बिजागरी कण्हली,
आणि तो जागा होईपर्यंत
एक मुलगा येऊन चार्जर विकत घेऊन गेलासुद्धा.
तिसरा काळा, जाडजूड,
कुठल्यातरी कचेरीतून निवृत्त झालेला.
झाकणावर स्टिकर खरवडल्याची चौकट,
एन्टरचं बटण कुणाच्या तरी अंगठ्याने गुळगुळीत केलेलं.
एकशे पंच्याऐंशी.

मी त्याला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं.
रेबवार बघत राहिला.
आमच्याकडे माठ असा घेतात, मी म्हटलं,
बद्द वाजला तर तडा असतो.
आमच्याकडे कलिंगड, तो म्हणाला.
मग त्यानेही एकदा वाजवला
आणि आम्ही दोघं गंभीर चेहऱ्याने ऐकत उभे राहिलो
ज्यात पाणी नव्हतं, बियाही नव्हत्या
अशा त्या यंत्राला.

यावर मराठी लिहिता येईल?
त्याने भाषांची यादी उघडली, खाली, आणखी खाली,
मध्ये त्याची भाषा दिसली तेव्हा जरासा थांबला.
मग माझी आली.
इंग्रजी अक्षरांखाली आपली अक्षरं शोधत
मी पहिला शब्द लिहिला: किती.
काय लिहिलंस?
मी सांगितलं.
तो हसला आणि पाच पौंड कमी केले.

आजवर सगळा अभ्यास लायब्ररीत व्हायचा,
लेव्हल थ्रीचा, केअरचा.
तिथे एका माणसाला एक तास.
कोपऱ्यात आकडे उलटे चालायचे,
साठ, सतरा, तीन,
आणि पडदा काळा व्हायचा, मी वाक्याच्या मध्यात असले तरी.
माझ्या वहीत अशी बिनशेपटीची वाक्यं पुष्कळ आहेत.
एक गेल्या मंगळवारचं: डिग्निटी म्हणजे

घरी टेबल नाही.
इस्त्रीच्या फळीवर त्याला ठेवला, फळी माझ्या उंचीला आणली,
प्लग लावला. पंखा घुरघुरला,
म्हाताऱ्या माणसाने घसा साफ करावा तसा.
घड्याळ इथेही कोपऱ्यात आहे,
पण ते सरळ चालतं.

डिग्निटी म्हणजे, मी लिहिलं,
आणि डोरीनबाईंची सायकल आठवली.
पुढे काय लिहायचं ते अजून नीट कळत नव्हतं.
वाक्य तसंच उघडं ठेवलं,
उठले,
चहा टाकला.